गालावरचा तीळ

कोळशाच्या चित्राला नुसती बाही घासली तरी त्याचं वाटोळं होतं. नवऱ्याचे किती चेहरे कस्तुराने असे आपल्याच बाहीने घालवले होते! या खेपेला मात्र ती हट्टालाच पेटली. कोळसा कागदावर पक्का करणाऱ्या फिक्सेटिव्हचा फवारा हातभर लांबून मारायचा, कागद भिजू द्यायचा नाही, एक थर वाळला की मगच दुसरा, हे आता तिच्या हातात बसलं होतं.

चित्र वाळल्यावर तिने श्वास रोखून पांढरा रुमाल चित्रातल्या गालावरून फिरवला. मग चांगला जोर लावून घासला. रुमाल कोराच! गालावरचा तीळसुद्धा जागच्या जागी.

"जमलं गं बाई!" कासारवाडीच्या त्या एवढ्याशा खोलीत ती एकटीच टाळ्या पिटत नाचली.

तेवढ्यात चाकणची शिफ्ट संपवून समाधान आला. तिने त्याला हाताला धरून चित्रापुढे उभं केलं. "अहो, बघा तरी! आता काही केल्या पुसले जायचे नाही तुम्ही!"

"भारीच की!" तोही हरखला. "उद्याच फ्रेम करून आणू."

त्याच्या गालावर कंपनीतली काजळी होती, रोजच असायची. बोलता बोलता कस्तुराने तोच रुमाल त्याच्या गालावरून फिरवला.

काजळी निघाली. तिच्याबरोबर दाढीचे खुंट निघाले, तीळ निघाला. रुमाल काळाकुट्ट झाला आणि गालाच्या जागी कोऱ्या कागदासारखं पांढरं उरलं.

समाधान अजून चित्राकडेच बघत होता, खुशीत.

"थांबलीस का?" तो म्हणाला. "इकडचंही पूस ना."