वाघाटीचं राज

"मंग वाघाटी काय म्हने?" चंपाबाईनं हातोडा थांबवून विचारलं.

गंगूनं आधी मुकादमाकडं पाहिलं. फुलचंद मुकादम समोर उलट्या घमेल्यावर बसला होता, नजर तिच्या तोंडावर. म्हणजे आजही गडी अडकला होता. गंगूनं दगडावर घाव घातला आणि वाघाटीची, म्हणजे झाडावरच्या इवल्या रानमांजरीची, गोष्ट पुढं हाकली.

"वाघाटी म्हने, डोंगराचा माथा बिबट्याइचा, नाल्यातलं गवत रानबोक्याइचं, झाडं आमची. पन पानवठा कोनाचाच नाही. तिथं ज्यानं पंजा उगारला, त्याले तिन्ही राज्यांतून हाकलाचं."

शेलूबाजारच्या अलीकडं दुष्काळी रस्त्याचं काम चाललं होतं. बहात्तर साल कोरडं गेलं, विहिरींनी तळ दाखवला आणि सारी वस्ती खडी फोडायला आली. हजेरीवर नाव असलं की मजुरी मिळे आणि खायला सुकडीचं गोड पीठ मिळे. गंगूची सून भागिरथा त्या सुकडीवरच तगून होती, आणि तिच्या पोटातला जीवही. घरात दुसरं काही नव्हतंच. मुलगा इंद्रभान काम शोधायला म्हणून गेला होता, तो अजून परतला नव्हता.

घोळ इथंच होता. वरून हुकूम आला होता: दिवस भरत आलेली बाई कामावर दिसली की तिचं नाव कापायचं, नाही कापलं तर मुकादमानंच घरी बसायचं. आणि भागिरथाचे दिवस तर भरलेच होते. सकाळी हजेरीला ती पोटावरून पदर ओढून बायांच्या मधोमध उभी राही, हात वर करी आणि खडीच्या मोठ्या ढिगामागं जाऊन बसे. मुकादमानं दिवसभर तिकडं फिरकू नये, एवढंच उरलं होतं. ते काम गंगूनं अंगावर घेतलं.

हा फुलचंद नवा होता आणि भलता अकडू. बाई 'हाजर' म्हणाली तरी त्याचं समाधान होत नसे, हात वर दिसला पाहिजे. मागून कितीही हाका मारा, वळायचं नाव नाही. "भल्लाच मातला हाये मुडदा," चंपाबाई म्हणायची. पण गंगूनं मांजरांची गोष्ट काढली त्या पहिल्याच दिवशी तो घमेलं ओढून तिच्या समोर येऊन बसला, ढिगाकडं पाठ करून. ऊन डोळ्यांवर येत असेल, असं गंगूला वाटलं. तेव्हापासून रोज तेच.

गोष्ट होती कुठं? ती तिनं तिथंच, बसल्या जागी रचली. भुताखेतांना तिच्या घरात थारा नव्हता. सासऱ्यानं बुद्धाची दीक्षा घेतली त्याच दिवशी देव्हाऱ्यासकट ते सगळं बाहेर गेलं. पण मांजरांनी कुठं दीक्षा घेतली होती? तेव्हा आत्मे मांजरांना दिले. मेलेल्या मांजराचा आत्मा पळसाच्या झाडात राहतो. जाणती वाघाटी त्याला हाक मारते. तो तिच्या अंगात असं बळ भरतो की बिबट्याही शेपूट घालतो. फुकट नाही मात्र. ज्यानं आत्मा बोलावला, त्याला आपल्या एका पिल्लाचा वास कायमचा विसरावा लागतो.

चूल फुंकताना, पाण्याच्या रांगेत उभी असताना गंगूच्या डोक्यात मांजरंच. उद्या काय सांगावं? गोष्ट आटली आणि हा बाबा उठून ढिगामागं गेला तर? जिवाला नुसता घोर लागला होता.

एकदा मधेच काही सुचेना, ती गप्प झाली. लगेच फुलचंद म्हणाला, "मंग?" तेही एवढ्या मोठ्यानं की बाया दचकल्या. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खडकात सुरुंग उडाला. साऱ्या बाया कानांवर हात ठेवून वाकल्या, हा हललासुद्धा नाही. बाया खदखदून हसत तिथं तो हसत नसे, हे खरं. तरी गंगूला मनातून गुदगुल्या झाल्या. असा ऐकणारा तिला जन्मात भेटला नव्हता.

मग तो दिवस आला. गोष्टीत बिबट्यांनी पाणवठा अडवला होता आणि वाघाटी पळसापाशी उभी होती. आत्म्याला हाक मारावी तर एक पिल्लू परकं होणार, न मारावी तर सगळीच तहानेनं मरणार.

तेवढ्यात ढिगामागून भागिरथानं किंकाळी फोडली.

हातोडे थांबले. गंगूचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

"मंग?" फुलचंद म्हणाला.

"मंग... मंग वाघाटीनं असाच हंबरडा फोडला," गंगूनं कसंबसं सावरलं.

चंपाबाई ढिगामागं पळाली, पाठोपाठ आणखी दोघी. गंगू सांगत सुटली. किंकाळी आली की ती वाघाटीची, बायांची धावपळ झाली की ती आत्म्यांची. तो गडी तिच्या ओठांवरची नजर न हलवता बसून होता. सून तिकडं तडफडत होती आणि सासू इकडं मांजरं सांगत होती. तिला रडू आवरत नव्हतं, पण बोलणं थांबवायची सोय नव्हती. शेवटी बाळ रडलं, तेव्हा तिनं वाघाटीला पाणी पाजलं आणि तोंड मिटलं.

फुलचंद उठला आणि ढिगाकडं न पाहता रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला.

संध्याकाळी झोपडीच्या दारात एक अनोळखी बाई उभी राहिली. हातात सुकडीचं गाठोडं.

"मी रुपाबाई. फुलचंद मुकादमाची घरवाली."

गंगू दार अडवून उभी राहिली. "नाव कापलं काय पोरीचं?"

"काहून कापतीन? हे बाळंतिणीसाठी आनलं."

गंगूनं गाठोडं हातात घेतलं. "तुमच्या मालकाले गोष्टीचं भारी येड हाये, बाई," ती डोळे पुसत म्हणाली. "सुरुंग उडाला तरी हालले नाही. त्या गोष्टीनंच तारलं आमाले."

रुपाबाईनं मागंपुढं पाहिलं आणि आवाज उतरवला.

"कोनाले सांगू नोको, मानसाची नोकरी जाईन. खदानीतल्या सुरुंगानं त्याइचे दोन्ही कान कवाचेच गेले. तुह्या गोष्टीतलं अक्षर त्याइले ऐकू आलं नाही. रोज घरी येऊन म्हनतात, ढिगामागची पोरगी बाळंत होईस्तोर मले त्या बाईच्या तोंडाकडं पाहत बसाच लागते. आज म्हने, पोरगं झालं का पोरगी, तेवढं इचारून ये."