न घेतलेलं नाव

साथीनं संभाजीनगर ओस पाडलं आणि उरलेल्यांनी त्याचं खापर चेटकिणींवर फोडलं. एकेक करून सगळ्या मारल्या, राहिली एकटी सत्यशीला. ती ज्याचं नाव घ्यायची, तो जागच्या जागी कोसळायचा. तिच्यावर बंदूक रोखणारे पथकातले अकरा जण असेच गेले. बारावा सोनाजी तीन वर्षं एकटाच तिच्या मागावर होता. ती जिथून निसटायची, तिथं चुलीपाशी त्याच्यासाठी दोन भाकरी झाकून ठेवलेल्या असायच्या. विष असेल, असं स्वतःला बजावत तो शेवटच्या घासापर्यंत खायचा.

आज भर दुपारी गुलमंडीतल्या एका कापडाच्या दुकानात ती समोरच सापडली. पळाली नाही. त्याला बघून तिनं तोंड उघडलं, आणि आपलं नाव बाहेर पडायच्या आत सोनाजीनं गोळी झाडली.

"अवो..." एवढंच ती म्हणाली होती.

तो धावत तिच्यापाशी जाऊन बसला. तिच्या मनगटावर हिरवं गोंदण होतं: सोनाजी.

"ठाऊक व्हतं, तर घेतलं का नाय माझं नाव?"

तिनं लाजून पदर डोक्यावर ओढला. "घरधन्याचं नाव कुणी घेतं व्हय?" म्हणाली, आणि मान टाकली.

सोनाजी बाहेर आला. रिकाम्या गुलमंडीच्या मधोमध उभं राहून त्यानं स्वतःचं नाव तीनदा मोठ्यानं घेतलं.

काहीच झालं नाही.