चौथ्या नंबरची चौकट

हेमा बॅट घेऊन उभी राहिली आणि नजमाचं पेन वहीवर थांबलं. पाळी हेमाची नव्हतीच. पाळी होती चौथ्या नंबरची, आणि चौथा नंबर म्हणजे कमरजहां, नजमाची सख्खी धाकटी बहीण. ती बाकाच्या पार टोकाला खाली मान घालून बुटाची नाडी बांधत बसली होती. केव्हाची बांधत होती, कुणास ठाऊक.

आंतरमहाविद्यालयीन सॉफ्टबॉल स्पर्धेची फायनल होती. सातवी, म्हणजे शेवटची इनिंग. हडपसरच्या पोरी एका धावेनं मागे, दोन बाद, दोघी बेसवर. कोथरूडच्या पिचरनं मागच्या पाळीत कमरजहांच्या मनगटावर असा चेंडू घातला होता, की स्कोररच्या टेबलापर्यंत आवाज आला. तेव्हापासून पोरगी पांढरीफटक पडली होती. ती उठेना, तेव्हा आपलीच पाळी समजून पाचव्या नंबरची हेमा निघाली. ना तिच्या सरांच्या लक्षात आलं, ना समोरच्यांच्या.

लक्षात आलं ते स्कोररच्या. स्कोरर होती नजमा, आणि स्कोररनं बोलायचं नसतं.

हा नियम स्कोररच्या टेबलाचे प्रमुख बाळकाका लिमये प्रत्येक नव्या स्कोररकडून पाठ करून घेत. क्रम सोडून कुणी खेळून गेलं, तर पुढचा चेंडू पडायच्या आत समोरच्या संघानं अपील करायचं. केलं, तर जिची पाळी होती ती बाद आणि आलेल्या धावा रद्द. पुढचा चेंडू एकदा पडला, की झालं गेलं सगळं कायदेशीर. अंपायरनं आणि स्कोररनं मात्र दगड होऊन बसायचं. बहात्तर सालच्या फायनलला एका स्कोररची नुसती मान हलली. त्यावरून अपील झालं, अपिलावरून हाणामारी झाली आणि स्पर्धा दोन वर्षं बंद पडली. ती मान कुणाची, हे बाळकाका सांगत नसत. पण त्या वर्षीच्या वहीत अक्षर त्यांचंच होतं.

पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या वह्या टेबलाखालच्या ट्रंकेत होत्या. आजची सव्विसावी. बहीण खेळतेय, हे नजमानं सकाळीच सांगून टाकलं होतं. "मग काय झालं?" बाळकाका म्हणाले होते, "पेनाला बहीण नसते."

आता ते तिच्या शेजारीच बसले होते. नजमानं वहीत डोकं खुपसलं. वर पाहावं तर चेहरा चुगली करणार, खाली पाहावं तर ओळ चार आणि ओळ पाच. उद्या लोक म्हणणारच, बहिणीसाठी गप्प बसली. नियमासाठी गप्प बसली, हे कोणाला पटणार होतं?

हेमानं तिसराच चेंडू दणकून मारला. बेसवरच्या दोघी धावत आत आल्या, हेमा दुसऱ्या बेसवर पोचली. हडपसरवाल्यांनी एकच कल्ला केला. पाच-चार!

नजमानं पाचव्या ओळीत हेमाची खूण केली. आता अपील झालं, तर हेमाला काही होणार नव्हतं. बाद व्हायची ती कमरजहां, बाकावर बसल्या बसल्या. हरलेली फायनल तिच्या नावावर जाणार होती.

कोथरूडचे जयसिंग सर हात वर करून मैदानात शिरले. पिचरशी दोन शब्द बोलले आणि मागे फिरले ते थेट टेबलाकडे आले.

"मॅडम, स्कोअर किती झाला?"

"पाच-चार."

हा आवाज आपलाच का, असं तिला वाटलं. सर वहीकडे बघत उभे राहिले. बाळकाकांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला घेतला. तो आधीच लख्ख होता. पलीकडे बाकावर कमरजहांनं पहिल्यांदाच मान वर केली. तिला सगळं कळलेलं होतं. तिचे डोळे थोरल्या बहिणीवरून हलत नव्हते.

"पाच-चार," सर स्वतःशीच म्हणाले. "बरं."

ते परत गेले. सहाव्या नंबरची मुलगी उभी राहिली. पिचरनं हात फिरवला आणि चेंडू कॅचरच्या हातमोज्यात जाऊन पडला. आता अपील करता येणार नव्हतं.

सहावी बाद झाली. कोथरूडला शेवटच्या पाळीत एकही धाव काढता आली नाही. हडपसरनं सतरा वर्षांनी ढाल जिंकली.

फोटोसाठी धावपळ सुरू झाली, तशी कमरजहां पाठीमागून टेबलाशी आली. घामानं भिजली होती, तरी कुडकुडल्यासारखी दिसत होती.

"आपा," ती हळूच म्हणाली, "वहीत काय लिहिलंस?"

नजमानं वही तिच्याकडे फिरवली. सातव्या इनिंगच्या रकान्यात वरच्या ओळीत खूण होती, खालच्या ओळीत हेमाची खूण होती. मधली कमरजहांची चौकट कोरी होती.

"काहीच नाही लिहिलं?" कमरजहांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "मग कुणाला कळणार नाही ना?"

"बाद झाली असतीस, तर काहीतरी लिहिता आलं असतं. आता वही उघडेल त्याला हे कोरं दिसणारच."

बाळकाका ट्रंकेचं झाकण उघडून वहीसाठी थांबले होते. तिकडून ढाल धरायला कमरजहांच्या नावानं हाका चालल्या होत्या. तिचं बोट त्या चौकटीवरून उठेना.