वेगळी पंगत

"मानाचं पान वेगळ्या पंगतीत नसतंय, शेट," धम्मानंद म्हणाला आणि चहाचा कप वीरण्णाशेटपुढं सरकवला. "चहा घ्या. चित्र मिळणार न्हाई."

लातूरच्या कलाप्रदर्शनाचे कर्तेधर्ते वीरण्णाशेट खास त्याच्यासाठी रेणापूरला आले होते. मुख्य दालनात बाकी सगळे चित्रकार अन् बौद्ध चित्रकारांना मागच्या अंगाला वेगळं दालन, असा त्यांनी घाट घातला होता.

"अहो, मान म्हणूनच तर वेगळं केलंय! एसी हाय, खाली गालिचा हाय. अजून काय पाहिजे?"

"माझ्या आज्याला पाटलाच्या लग्नात गोठ्यापाशी वाढायचे. तिथंबी म्हणायचे, पोटभर खा. जेवण तेच, जागा तेवढी वेगळी."

शेटनं कप खाली ठेवला. "तुमची मर्जी. तुमचा दोस्त सत्यम मात्र हाव, येतो म्हणलाय. मुख्य दालनात दारासमोरची भिंत दिलीय त्याला."

हा घाव वर्मी बसला. मुरुडच्या शेतकऱ्याचा पोरगा सत्यम अन् धम्मानंद, दोघांनी मिळून कितीतरी शाळांच्या भिंती रंगवल्या होत्या, दोघं एका डब्यात जेवले होते. शेट उंबऱ्याबाहेर पडले न पडले तोच धम्मानंदनं फोन लावला.

"भरलंय की नाव," सत्यम थंडपणे म्हणाला. "मुदखेडची मंजुश्री, उदगीरची दानम्मा, सगळ्यांनीच भरलंय. आन ऐक, चार वाकळी दे तुझ्याकडच्या. चित्रं गुंडाळायला लागतेत."

धम्मानंदनं फोनच कापला. निर्लज्जपणालाही काही हद्द असते की नाही!

आतल्या खोलीत ते चित्र भिंतीला टेकून उभं होतं. खुरपं बाजूला ठेवून बांधावर ताठ बसलेली त्याची आई, पार्वतीबाई. दोन वर्षं जीव ओतला होता त्यात. गावाबाहेरच्या माणसांनी ते एकदा तरी बघावं, एवढीच त्याची आस. ती त्यानं आपल्या हातानं मोडली, पण त्याचं त्याला काडीचं दुःख नव्हतं. उलट ऊर भरून आला होता. आज आई असती तर तिनं पाठीवर थापच मारली असती. सलत होता तो फक्त सत्यम.

अन् कहर म्हणजे त्याच्या बायकोनं, लुंबिनीनं, सासूनं जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या वाकळी सत्यमला देऊनही टाकल्या.

"माझ्या आईच्या वाकळी? त्या बेइमानाला?"

"दारात आला, मागितल्या, दिल्या," लुंबिनी भाजी निवडत म्हणाली. "तुम्ही आपलं विहाराला चुना मारून घ्या. पौर्णिमा जवळ आलीय. रविवारी सकाळीच उरका."

"रविवारी तिकडं उद्घाटन हाय."

"म्हणूनच. रिकामे बसलात तर दिवसभर माझं डोकं खाल."

रविवारी उन्हं वर यायच्या आत त्यानं चुना कालवला. लुंबिनीनं विहारातली कॅलेंडरं, जुने बॅनर, सगळं उतरवलं. तो खिळे उपटायला लागला तशी ती ओरडली, "खिळे राहू द्या!"

हिचं आपलं काहीतरीच, असं पुटपुटत त्यानं ब्रश उचलला अन् सत्यमवरचा सगळा राग भिंतींवर काढला. भिंती मात्र लख्ख झाल्या.

दुपार कलली तसा फोन वाजला. वीरण्णाशेट. आवाज चढलेला.

"अहो, तुमचा तो सत्यम कुठं हाय? पाहुणे यायची वेळ झाली आन मुख्य दालनात एक चित्र न्हाई! सकाळपर्यंत हाव हाव करत राहिले सगळे. आधी सांगितलं असतं तर दुसरे तरी बोलावले असते मी!"

धम्मानंद काही बोलणार, तोच विहारासमोर एक टेम्पो येऊन थांबला. मागं मंजुश्री अन् दानम्मा बसलेल्या, मधे चौकटींची चळत. सगळ्यात वरच्या चौकटीला गुंडाळलेली वाकळ त्यानं लांबूनच ओळखली. आईच्या लुगड्याचा हिरवा काठ होता तिला.

सत्यम खाली उतरला. धम्मानंदकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. सरळ लुंबिनीला म्हणाला,

"वहिनी, भिंती वाळल्या का?"