खोटं दार

इंग्लंडातल्या त्या पॅलाडियन, डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळवलेल्या हवेलीची मापं घेताना वास्तुतज्ज्ञ लायनेलचं तोंड सतत वाकडं होतं.

"इकडे एक तर तिकडेही एक. साखर विकून गब्बर झालेल्यांची अक्कल," तो देखभाल करणाऱ्या ट्रँटरबाईंना म्हणाला. "जोड जुळवायला हे दारसुद्धा खोटं लावलंय. मागे नुसती भिंत. टेपचं टोक धरा तिथं."

पाठ फिरवून तो समोरच्या भिंतीपर्यंत गेला. "ओढा की. झोपलात का?"

टेप ताणली गेली.

तेवढ्यात त्याच्याशेजारच्या खऱ्या दारातून बाई चहा घेऊन आल्या. "टोक खाली ठेवून गेले होते, साहेब. किटली उतू जात होती."

लायनेल वळला. टेप खोट्या दाराखालून आत गेली होती. खोली चोवीस फुटांची. टेप बत्तीस दाखवत होती.

दारामागून त्याच्याच कुत्सित आवाजात कुणीतरी म्हणालं, "ओढा की. झोपलात का?"