हाताचा दाखला

मसाल्याच्या पुड्यावर बाईचं नाव छापायचं, तर आता प्रयोगशाळेतून हाताचा दाखला आणावा लागे. कुटताना मसाल्यात कोणाचा घाम मुरलाय, ते यंत्र बरोबर ओळखी. भागीरथीबाईंनी तोऱ्यात पंजा काचेवर ठेवला. काच लाल झाली.

"आजी, मसाल्यातला हात तुमचा नाही," तपासणारी म्हणाली.

"तीस वर्षं गाव माझ्या हाताची चव सांगतंय. तुझं यंत्र कालचं."

"हात जुळला नाही, तर सगळा माल जाळावा लागेल."

मागे पिशवी धरून उभ्या सुनेने हात पदराखाली घेतले. वीस वर्षं मुसळ तिच्याच हातात होतं. सासू बाजेवर बसून नुसत्या चुका काढी. भागीरथीबाईंनी तिचं मनगट ओढून पंजा काचेवर दाबला. काच हिरवी झाली.

"लिही हिचं नाव, वैजयंता," त्या तपासणारीवर गुरकावल्या. "पण हा हात घडवला मी."

"शेवंता लिहा," सून म्हणाली. "सासूबाईंनी लग्नात बदलायच्या आधी माझं तेच नाव होतं."

भागीरथीबाईंना फक्त स्वतःचं नाव वाचता येई. छापून आलेल्या कागदावर ते कुठेच नव्हतं.