व्हिओलाला बंदी

रोममध्ये आम्ही थिएटरवाले जांभळ्या रंगाला फार भितो. तो आत आला की कार्यक्रम पडलाच म्हणून समजा. या रंगाला आमच्याकडे व्हिओला म्हणतात. आणि व्हायोलिनची थोरली बहीण शोभेल असं जे वाद्य मी वाजवतो, त्याचंही नाव व्हिओलाच.

मायेस्त्रो तासींची चार भागांची नवी रचना त्या संध्याकाळी पहिल्यांदाच वाजणार होती. तिसरा भाग मी एकट्याने सुरू करायचा होता. मला पोचायला उशीर झाला आणि दारात नेमका नवा दरवान, ओरेस्ते.

"पेटीत काय आहे?"

"व्हिओला."

"मग आत नाही जायचं. मालकांची सक्त ताकीद आहे."

"अरे बाबा, रंग नाही, वाद्य." मी पेटी उघडून दाखवली. ती घाईत उसनी आणलेली; आतलं मखमली अस्तर जांभळं निघालं.

"मला खुळा समजता काय?" म्हणत त्याने आतून कडी घातली.

मी दाराला कान लावून उभा राहिलो. दोन भाग छान झाले. तिसऱ्याच्या सुरुवातीला आत नुसती शांतता, कारण ती सुरुवात मी वाजवायची होती. बऱ्याच वेळाने बाकीच्यांनी पुढचं कसंबसं उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात छापून आलं, 'तिसऱ्या भागातली ती निःशब्द जागा, केवळ अप्रतिम.'

संध्याकाळी पुन्हा तोच कार्यक्रम होता, म्हणून मी काळ्या अस्तराची साधी पेटी घेऊन तासभर आधीच गेलो. दारात मायेस्त्रो ओरेस्तेच्या खांद्यावर हात ठेवून सांगत होते,

 

"आजही व्हिओला आत सोडू नकोस हं."